पाहुण्यांची कॉफी

सासूबाई पाचोडहून आमच्याकडं आल्या तेव्हा घरात अर्धं पाकीट कॉफी होती. हे आधी सांगायचं कारण, त्या राहणार की परत जाणार हे पुढं त्या अर्ध्या पाकिटावर येऊन ठेपलं.

सासरे गेल्यापासून त्या गावाकडं एकट्याच होत्या. आम्ही वर्षभर मनधरणी केल्यावर "बघू" एवढंच म्हणून आल्या आणि बॅग न उघडता पलंगाखाली सरकवून ठेवली. रोज झाडताना मी ती बॅग बाजूला करायची. वजन कमी होत नव्हतं.

लग्न होऊन मी पाचोडला गेले तेव्हा घरात कॉफी म्हणजे एक लहानशी पुडी. आठवडी बाजारातून कधीतरी यायची, जायफळाशेजारी डब्यात बसून राहायची आणि पावसाळ्यात तिचा दगड व्हायचा. मग बत्त्यानं फोडायची. चहा घरच्यांना. कॉफी दोघांनाच, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. पहिल्याच वर्षी मला ताप आला तेव्हा सासूबाईंनी तो दगड फोडला, दुधात उकळला, वर जायफळ किसलं आणि पेला माझ्या हातात दिला. कॉफीनं झोप उडते असं म्हणतात. ती पिऊन मी दिवेलागणीपर्यंत झोपले होते.

पुढं आम्ही शहरात आलो. माझ्या महिन्याच्या यादीत कॉफी आधी सगळ्यात खाली, 'जमल्यास' असं लिहून. मग काचेच्या बरण्या आल्या. आजही आमची मोहरी, जिरं, मेथ्या सगळं कॉफीच्या बरण्यांतच नांदतं. मग दक्षिणेकडची फिल्टरची पूड मिळायला लागली, स्टीलचं फिल्टर आलं आणि कॉफी यादीत चढत चढत तांदळाच्याही वर जाऊन बसली. आम्ही नवरा-बायको सकाळी कॉफीशिवाय एकमेकांशी बोलेनासे झालो.

आणि आता पुन्हा उतरण. भाव वाढला, पाकिटं बारीक झाली. आमचा दुकानदार कधी माल आला नाही म्हणायचा, कधी निम्मी चिकोरी घातलेली पूड पुढं करायचा. त्याच्या मते आपली चांगली कॉफी बाहेरदेशी जाते आणि आपण तिच्या वासावर राहायचं. हे तो मला अशा सुरात सांगायचा, जणू मीच ती बाहेर धाडली.

त्या महिन्यातही माल आला नव्हता. म्हणून मी चटकन निर्णय घेतला: उरलेली कॉफी सासूबाईंना, आम्ही दोघं चहावर. तापातला तो पेला मी विसरले नव्हते. नवऱ्यानं तोंड वाकडं केलं, पण आईसाठी म्हटल्यावर गप्प बसला. मी रोज सकाळी ट्रेमध्ये दोन कप चहा आणि बशीसकट एक कप कॉफी न्यायची. त्या काही न बोलता प्यायच्या. मला वाटायचं, रमल्या.

आठवडा झाला नसेल, एका सकाळी ट्रे घेऊन गेले, बघते तर बॅग पलंगावर आणि त्या नेसून तयार. नवरा अंघोळीला गेलेला. मी विचारलं, काय झालं, कोण काही बोललं का?

"कोन काय बोलनार? लई केलंस तू. पावन्यानं आपलं आपन उठावं."

"पाहुणे कोण, आत्याबाई?" सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

त्यांनी ट्रेकडं बोट केलं. "तुमी दोघं चहा पिता. मला येगळी कॉफी. मी आजारी नाय. मग मी कोन?"

त्यांना दुकानदार, बाहेरदेश, चिकोरी असं समजावून सांगायला गेले असते, तर त्यांनी पाचोडची पहिली गाडीच गाठली असती. मी कॉफीचा कप उचलला आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला. माझा चहा त्यांच्यापुढं सरकवला, बिनबशीचा.

"मला सकाळी सातला घर सोडायचं असतं," मी म्हणाले. "उद्यापासून चहा तुम्ही टाकायचा. दूधही तुम्हीच तापवायचं. मला होत नाही सगळं."

त्यांनी चहाचा घोट घेतला, नाक मुरडलं.

"आलं घालत नाय व्हय गं? आन् पत्ती कुठं ठिवती?"

मी सांगितलं, कॉफीच्या बरणीत. त्यावर त्या हसल्या. दुपारी बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली.

पुढच्या महिन्यात दुकानात माल आला. यादी करताना कॉफी किती लिहू विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, थोडी बस झाली, आल्यागेल्याला. मी पाकीट एकच लिहिलं, पण मोठं.

परवा रविवारी नणंद बिडकीनहून आईला भेटायला आली. सासूबाईंनी तिला न विचारताच आम्हाला चहा टाकला आणि तिच्यापुढं बशीसकट कॉफी ठेवली. नणंद कपाकडं बघतच राहिली. तीही पाचोडातच वाढलेली.

"आई, मला का कॉफी?"

"सांजच्याला तुला जायाचंय नव्हं," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःचा चहा फुंकत बसल्या.