रेघ नसलेलं टेबल

फिलोमिना पस्तीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला दोन महिने घरात बसवलं. घरात मुलीचा, म्हणजे जीनाचा, जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात स्नूकरचा गेम. कंटाळून तिने तो उघडला, आणि मग काही केल्या बंद होईना.

नवरा बेनेडिक्ट वसईतल्या एका क्लबात तीस वर्षं खरा स्नूकर खेळत आलेला. तो हसायचा, "माऊस हलवून कुठे स्नूकर होतो?"

फिलोमिना खेळत राहायची. एका दुपारी तिने एकाच दमात एकशे बारा गुण केले आणि त्या नादात डाळ करपवली. बेनेडिक्टने डाळ मुकाट्याने खाल्ली, पण एकशे बारा काही त्याच्या घशाखाली उतरेना.

नाताळाआधी क्लबात जोड्यांची स्पर्धा होती. बेनेडिक्टचा जोडीदार सॅमी पाय मुरगळून बसला. चिडवायचं म्हणून बेनेडिक्टने बायकोचं नाव दिलं. गुडघा आता बरा होता; तिने ते मनावर घेतलं.

सरावाला गेली तर टेबल जवळजवळ त्यांच्या स्वयंपाकघराएवढं. ती वाकली, नेम धरला, पुन्हा उभी राहिली.

"रेघ कुठाय?"

"कसली रेघ?"

"गेममध्ये बॉल कुठे जाणार ते दाखवते ती."

सगळा क्लब खिदळला. मग तिने मारलेला पांढरा बॉल टेबलावरून उडाला आणि थेट सॅमीच्या वेफर्सच्या ताटलीत पडला.

घरी आल्यावर बेनेडिक्ट म्हणाला, "नाव काढून घेऊ?"

"कशाला? हाताला जमत नाही माझ्या. दिसतं मात्र सगळं."

जोड्यांच्या खेळात आपली पाळी सुरू होण्याआधी जोडीदाराशी बोलता येतं. फिलोमिनाने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. स्वतःच्या पाळीला ती पांढरा बॉल हळूच ढकलून दुसऱ्या बॉलमागे लपवून ठेवायची, म्हणजे समोरच्यांना सरळ नेम धरता येऊ नये. बेनेडिक्टच्या पाळीआधी पेशंटला गोळ्या समजावतात तसं हळू आवाजात सांगायची, "आधी कोपऱ्यातला लाल, हलक्या हाताने. मग निळा. घाई नको." तो करवादायचा, पण तसंच खेळायचा. पहिल्या दोन फेऱ्या त्यांनी जिंकल्या. हसणारे आता खुर्च्या पुढे ओढून बसले.

उपांत्य फेरीत शेवटी फक्त गुलाबी आणि काळा उरला. ती म्हणाली, "गुलाबी काळ्यामागे लपव." बेनेडिक्टला समोरचं पॉकेट दिसत होतं आणि पोरीसोरी बघत होत्या. त्याने जोरात हाणला. गुलाबी पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला. समोरच्यांनी तो घातला, पाठोपाठ काळाही, आणि सामना जिंकला.

स्कूटरवरून परतताना तो घराच्या वळणावर म्हणाला, "लपवायला हवा होता."

"काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

तिला नीट ऐकू आलं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच ऐकत होती, म्हणून तिने ते आणखी दोनदा म्हणवून घेतलं.