भुशाचा पाडा

माझं आणि सासूबाईंचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, आणि त्यात त्यांनी ते पॉमेरियन घरात आणलं. ऐंशीच्या दशकात अंधेरीतल्या आमच्या सोसायटीत दर दोन घरांआड असा एक पांढरा गोळा भुंकत असे. शेजारणीच्या कुत्रीला पिल्लं झाली आणि त्यातलं एक आमच्या गळ्यात पडलं. थंड देशातलं जनावर ते, अंगावर लोकरीची गादी, आणि आमच्याकडे ऑक्टोबरात लादीसुद्धा तापलेली. दिवसभर तो मोरीच्या उंबऱ्याला पोट टेकून पडे. सासूबाई त्याला ओल्या पंच्याने पुसत, कानामागचे गुंते बोटांनी सोडवत, गोचीड शोधून रॉकेलच्या वाटीत टाकत. त्याचे केस वरणातही सापडत. ते काढून मी ताटाच्या कडेला, त्यांना दिसतील असे ठेवत असे.

दुपारी तीनला त्याचं जेवण. सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसत, पाय लांब करून. उकडलेल्या बांगड्याचा एकेक काटा काढून भातात कालवत आणि हाताने भरवत. "खा रे झिला, काटो नाय हा त्येच्यात." झील म्हणजे मुलगा. माझ्या नवऱ्यालाही त्या झिलाच म्हणत. मला या लाडांचा राग येई, आणि मी तो लपवतही नसे.

एका वर्षी दिवाळीच्या आधी त्या झोपेतच गेल्या. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, आणि आल्यागेल्याने टाकलेली बिस्किटं कुत्रा खात होता. पाहुणे गेले आणि तेही थांबलं. तो सासूबाईंच्या कॉटखाली शिरला, तो बाहेर येईना. डॉक्टरांनी सलाईन दिलं आणि म्हणाले, "तीन-चार दिवसांत खाल्लं नाही, तर हाती लागणार नाही."

मला त्याची दया आली म्हटलं तर खोटं होईल. मला भीती वाटली. सासूच्या माघारी सुनेने मुकं जनावर उपाशी मारलं, असं अख्खी सोसायटी म्हणणार होती. त्याहून मोठी भीती नवऱ्याची होती. तो स्मशानातून आल्यापासून रडला नव्हता. पहिल्या पाळीहून दुपारी चारला घरी यायचा आणि कॉटखाली हात घालून कुत्र्याजवळ बसायचा. बोलणं जवळजवळ बंद. हा कुत्रा गेला तर हा माणूसही हातचा जाईल, असं मला मनापासून वाटत होतं.

उपाय सांगितला तो दूधवाल्या भय्याने. त्याचा जोगेश्वरीला तबेला होता. "भाभी, म्हशीचा पाडा, तिचं पिल्लू, मेला ना, तर म्हैस दूध चोरते," तो माप ओतता ओतता म्हणाला. "मग आम्ही त्याच्या कातड्यात भुसा भरून तिच्यासमोर ठेवते. ती चाटते, दूध देते. तुमच्या कुत्र्याला पण दाखवा ना म्हातारी."

मी त्याला झापलं. पण तो गेल्यावर ट्रंक उघडली. सासूबाईंची सगळी लुगडी तेराव्याला वाटून टाकायची रीत. मी मात्र गोधडीला होतील म्हणून दोन जुनी मागे ठेवली होती. गेलेल्या माणसाचं वस्त्र असं ठेवू नये, हे मला ठाऊक होतं. चांगलं सुती होतं, द्यायला जीव होईना.

दुपारी मी त्यातलं एक नेसले. मला नऊवारी येत नसे, कसंबसं गुंडाळलं. त्यांचा बाम कपाळाला चोळला, पाटावर पाय लांब करून बसले आणि बांगडा सोलायला घेतला. "खा रे झिला," मी म्हटलं. माझाच आवाज मला नाटकी वाटला. कॉटखाली नखं वाजली. तो आला, हडकलेला, थरथरत, आणि माझ्या हातातून खाऊ लागला. वाटी संपवली.

खाताना त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तो माझ्या उजव्या खांद्याच्या वर, मागे कुठेतरी बघत होता, आणि शेपूट हलवत होता. माझ्यामागे भिंत होती, आणि भिंतीला लागून चालायला हातभर जागा. मी मान वळवली नाही.

रोज तसंच होऊ लागलं. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की लुगडं मी मिनिटभरात नेसले होते, चापूनचोपून, निऱ्यांकडे न बघता. मला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या बोटांना काटे आपोआप सापडायचे. पाटावरून उठताना गुडघा धरून मी "अगे बाय माझे" म्हणायची, आणि गुडघा खरंच दुखत असायचा. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. मनात यायचं की आपण सोंग आणतोय. पण सोंग कोण आणतंय, हे दुपारी तीन ते सव्वातीन नीट सांगता आलं नसतं.

एकदा वेसाव्याची कोळीण उघड्या दारातून सरळ आत आली. मी पाटावरून उठून वाटी विसळत होते. तिने मला पाठमोरी पाहिलं आणि पाटी तशीच डोक्यावर ठेवून उभी राहिली. मी वळल्यावर तिच्या चेहऱ्यावर रंग आला. "वयनी, ह्या बरा नाय," ती हळूच म्हणाली. "गेलेल्या मान्साला असा धरून ठेवू नये." त्या दिवशी तिने मासळी दिली, पण घासाघीस केली नाही.

नवऱ्यालाही कळलं होतं. एका शनिवारी तो अर्ध्या दिवसाने आला. मी भरवत होते, आणि बाहेरच्या खोलीत पेपर सळसळल्याचं मी ऐकलं. तो आत आला नाही. पण पुढच्या आठवड्यापासून तो रोज तीनच्या आत घरी यायला लागला. पाळी लवकर कशी सुटते, मी विचारलं नाही. पेपर उघडून तो बाहेर बसायचा आणि पान उलटायचा नाही. मी पाटावर बोलत राहायची. आता माझा आवाज मला नाटकी वाटत नव्हता, आणि मला त्याचीच धास्ती बसली.

मी भय्याला विचारलं, म्हशीसमोरचा भुशाचा पाडा शेवटी काढता कसा? तो म्हणाला, "एकदम नाही. रोज थोडा थोडा लांब."

मग मी आधी बाम सोडला. कुत्रा वास घेत घुटमळला, पण खाल्लं. मग मालवणी सोडून आपल्या बोलीत बोलू लागले. मग लुगडं नेसण्याऐवजी नुसतं खांद्यावर घेतलं, मग मांडीवर, मग बाजूला घडी करून ठेवलं. प्रत्येक पायरीला तो एक दिवस रुसायचा आणि दुसऱ्या दिवशी खायचा. तोवर त्याच्या अंगाने मांस धरलं होतं. मी त्याला पुसायची, विंचरायची, कानामागचे गुंते सोडवायची.

शेवटच्या दिवशी मी माझ्या गाऊनमध्येच बसले. लुगडं ट्रंकेत होतं. "ये, जेव," मी म्हटलं. तो आला, खाऊ लागला, आणि मधेच थांबून त्याने वर पाहिलं. सरळ माझ्या तोंडाकडे. मग माझं मनगट चाटलं.

तेव्हा मी मागे वळून पाहिलं. भिंत होती, तिच्यावर तेलकट हातांचा जुना डाग होता. इतके दिवस पाठीला जे जाणवत होतं ते तिथे नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. मला त्या कुत्र्याचा भयंकर राग आला. इतक्यात विसरलास, मेल्या? सात वर्षं जिने भरवलं तिला दोन महिन्यांत विसरलास? आणि मग लक्षात आलं, विसरायला मीच शिकवलं होतं, एकेक पायरी करून, काळजीपूर्वक.

बाहेर पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. नवरा दारात येऊन उभा राहिला. रिकाम्या वाटीकडे, माझ्या गाऊनकडे, तोंड पुसत लादीवर आडव्या झालेल्या कुत्र्याकडे त्याने पाहिलं.

"जेवला?"

"जेवला. माझ्या हातून."

"तुझ्या?"

"हो. माझ्याच."

त्याने मान हलवली. "म्हणजे आई गेली," तो म्हणाला, आणि दाराला टेकून खाली बसून रडायला लागला.