छत्तीस जणींचं रक्त

आमच्या चाळीत बायकांना चक्कर येते हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. नळावर हंडा उचलताना एखादी मटकन खाली बसते, दुसरी तिचा हंडा तिच्या घरी नेऊन ठेवते, आणि थोड्या वेळाने दोघी कामाला लागतात. मानपाड्याजवळच्या ज्या कारखान्यात आम्ही बऱ्याच जणी शर्टांचे धागे कापायला जातो, तिथेही तेच. दिवसभर टेबलाशी उभं राहायचं. कोणी पडलीच तर सुपरवायझर विचारतो, "नाश्ता केला नाहीस ना?" ती म्हणते, "केला." तो म्हणतो, "मग पडलीस कशी?" ती पुन्हा टेबलाशी उभी राहते.

माझ्या सुनेला आमच्याकडे येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती आकड्यांचा विषय घेऊन पदवीपर्यंत शिकली आहे आणि डोंबिवलीत एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तिचं तसं नाही. एका शनिवारी ती मला बरोबर घेऊन सरळ सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, "पंधरा दिवसांतून एकदा आमच्या चाळीत या. काम बुडवून इथे येणं बायकांना जमत नाही."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "अहो, बायकांचं हिमोग्लोबिन बारा असलं की ठीक. आपल्या भागात सरासरी बाराच्या आसपास असणार. तुमच्या चाळीतच कमी कशाला असेल? ज्या दोघी-तिघी पडतात त्यांना पाठवा. आख्ख्या चाळीचंच कमी असेल तर गोष्ट वेगळी."

"दाखवलं तर याल?"

"दाखवा. येतो."

त्यांनी एका रविवारसाठी सिस्टर आणि बोटाला टोचून रक्त बघायचं मशीन द्यायचं कबूल केलं. मशीनला लागणाऱ्या पट्ट्या मात्र चाळीसच. आणि चाळीत बायका दोनशेच्या वर.

शेजारची वहिनी लगेच म्हणाली, "मग सोपं आहे की! ज्या पडतात त्यांनाच बसव. मलाच पहिली बसव, माझ्या अंगात थेंब नाही."

सून हसली. "वहिनी, मग डॉक्टर म्हणतील निवडून आणल्या. आणि ते खरंच असेल."

हे मला चटकन समजलं. कारखान्यात आम्ही चांगला झालेला शर्ट गठ्ठ्याच्या वर ठेवतो. नवीन चेकर वरचा बघून गठ्ठा पास करतो. जुना मात्र मधे कुठेही हात घालून काढतो.

सुनेने चाळीतल्या सगळ्या मोठ्या बायकांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा खळखळ हलवला, आणि छत्तीस काढल्या. चार पट्ट्या, एखादी खराब झाली तर असू दे म्हणून, बाजूला ठेवल्या. माझी चिठ्ठी निघाली नाही. वहिनीची निघाली.

त्या संध्याकाळी तिने मला समजावलं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली, "आई, आधी डॉक्टरांचंच खरं धरायचं. सरासरी बाराच आहे असं समजायचं. तरी छत्तीस जणी काढल्या की कधी थोडी खाली येईल, कधी थोडी वर. नशिबाचा भाग असतो. पण ती इतकी खाली आली, की नुसत्या नशिबाने एवढं होत नाही, तर मग डॉक्टरांचं म्हणणं सोडायचं. किती खाली म्हणजे खूप खाली, तो नियम आज लिहून ठेवते. आकडे बघून ठरवलं तर मन आपल्या बाजूने ओढतं."

ज्याच्याशी वाद आहे त्याचंच आधी खरं धरायचं! मी आजवर जेवढी भांडणं ऐकली, नळावरची, घरातली, त्यांत असं कोणी केलेलं मला आठवत नाही.

बायकांना बोलावून आणायचं काम माझ्याकडे होतं, कारण सून नवीन, तिला चेहरे ओळखू येत नव्हते. आणि तिथेच मी घोळ केला.

आमच्याकडे एकीचं काम दुसरी करते. हिला उशीर झाला तर ती हिचं पाणी भरते. शाळेच्या मीटिंगला आईऐवजी काकी जाऊन सही करते. त्या रविवारी एकीचा उपवास होता, तिने जावेला पाठवलं. दोघींना सुईची भीती, म्हणून शेजारणी आल्या. वहिनीला पाहुणे आले होते, तिने भावजयीला बसवलं. एक तर म्हणाली, "काकी, मला उठवतच नाहीये, माझ्या मुलीचं बघा ना, आमचं रक्त एकच." मला नाही म्हणता येत नाही. मी नावं पुकारली आणि ज्या आल्या त्या बसल्या. अशा नऊ जणी झाल्या. मला वाटलं छत्तीसचा आकडा भरला म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी सुनेने हिशेब केला. सरासरी बाराच्या खाली होती, पण थोडीच. तिने बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. मग म्हणाली, "डॉक्टर चूक आहेत असं मला म्हणता येणार नाही. एवढा फरक नशिबानेही पडतो."

वहिनी दारातच उभी होती. "अगं, चार आकडे जरा खाली लिही. कोण बघतंय?"

"मी बघते ना."

"बाई गं! तुझ्या खरेपणापायी आम्ही अशाच पडत राहायचं का?"

सुनेचा चेहरा एवढासा झाला होता. डॉक्टर येणार नाहीत, हे तिच्या हातून झालं असं तिला वाटत होतं. वहिनी गेल्यावर तिने डॉक्टरांना काय सांगायचं ते लिहायला घेतलं. मी पोळ्या लाटत होते. तिच्याकडे पाठ होती म्हणूनच मला बोलता आलं असेल.

"त्यातल्या नऊ जणी त्या नव्हत्याच."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता ही चिडणार. हक्कच होता तिचा. पण ती वही घेऊन माझ्याशेजारी खाली बसली. एकेक नाव विचारलं, आणि प्रत्येक नावापुढे ती बाई का आली नाही तेही लिहिलं. जिला उठवत नव्हतं तिच्या नावाशी थांबली. म्हणाली, "आई, ज्या यायलाही दमतात त्याच तर मोजायच्या होत्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "चूक माझी आहे. का बदलायच्या नाहीत ते मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

मला जुना चेकर आठवला. गठ्ठ्यातून हात घालून काढलेला शर्ट आम्ही मधल्यामधे बदलून दिला असता तर त्याची मेहनत काय कामाची? मी बायकांचं तेच केलं होतं.

सुनेने सिस्टरला नावांचा घोळ सांगितला, आणि पुढच्या रविवारी ती मशीन घेऊन पुन्हा आली. चार पट्ट्या उरल्या होत्या, पाच तिने आणल्या. या वेळी मी प्रत्येकीच्या दारात जाऊन बसले. बोलता येत नव्हतं म्हणून नुसती बसून राहिले. दहा मिनिटांनी कंटाळून त्या उठायच्या. जिला उठवत नव्हतं तिच्याकडे सिस्टर मशीन घेऊन घरी गेली. आकडा बघून सिस्टरने तिला तिथेच दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यायची चिठ्ठी लिहून दिली.

बहुतेकींचे आकडे खाली आले. एकटी वहिनी निघाली तेराच्या वर.

"शक्यच नाही," वहिनी म्हणाली. "मशीन बिघडलंय. एवढी वर्षं मी नवऱ्याला सांगते अंगात रक्त नाही म्हणून!"

सिस्टरला हसू आवरेना. वहिनी सुनेच्या कानाशी गेली, "हे नको लिहूस. तुझाच हिशेब बिघडेल." सुनेने लिहिलं. आधी तिच्याऐवजी बसलेल्या भावजयीपेक्षा वहिनीचाच आकडा जास्त होता, तरी लिहिला.

नियम तोच ठेवला, नवा हिशेब केला. या वेळी सरासरी नियमात लिहिलेल्या आकड्याच्या बरीच खाली होती. मी विचारलं, "जिंकलो?" ती म्हणाली, "डॉक्टरांना पटलं तर."

आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा तिने दोन्ही कागद नेले. वहिनीने बजावलं होतं, पहिल्याचं नावही काढू नकोस. हिने आधी पहिलाच कागद पुढे ठेवला आणि नावं बदलली गेली होती ते सांगितलं. कोणी बदलली ते सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "आधी तुम्हाला हवं ते आलं नाही. मग तुम्ही परत मोजलं आणि हवं तेच आलं. मी संशय घेतला तर?"

"घ्यायलाच हवा," सून म्हणाली.

त्या संशयाचं उत्तर माझ्याकडे होतं. मी उभी राहिले. "साहेब, मी बदलल्या. नऊ नावं सांगते. कोणाऐवजी कोण बसली तेही सांगते." आणि सांगितली, एका दमात.

सिस्टर औषधांच्या कपाटाशी उभी होती. ती म्हणाली, "सर, दोन्ही वेळी मीच होते. नऊच्या नऊ चेहरे वेगळे होते."

डॉक्टरांनी कागद वाचला. मग विचारलं, "तरीही हे चुकीचं असू शकतं ना?"

"असू शकतं," सून म्हणाली. "पण सरासरी खरंच बारा असेल, तर नुसत्या नशिबाने ती एवढी खाली क्वचितच येते. तिथे येऊन मोजलंत तर कळेलच."

ते हसले. कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "पुढच्या मंगळवारपासून. पंधरा दिवसांनी एकदा."

पहिल्या मंगळवारी चाळीतल्या बालवाडीच्या खोलीत रांग दारापर्यंत आली. सून कामावरून अर्धी सुट्टी काढून नावं लिहायला बसली होती. सगळ्यांत शेवटी तिने मलाही बसवलं. मशीनवर नऊ आणि काहीतरी आलं. सिस्टरने आकडा मोठ्याने सांगितला तसं सुनेचं पेन थांबलं.

"आई, तुम्हालाही चक्कर येते?"

"येते."

"कधीपासून?"

आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. मी सांगायला लागले. ती माझ्या नावापुढे एकेक गोष्ट लिहून घेत गेली.