मासे ऐकण्याचे यंत्र

लग्नाला आठ महिने झाले आणि माझे सासरे आपली मुलगी परत न्यायला आले.

भांडण वगैरे काही नव्हते. इंदूला आमच्या घरी कसला जाचही नव्हता. अडचण फक्त जावयाची होती! सासरे, म्हणजे आमचे मामाजी, सिंदीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर मिस्त्री होते. ज्याच्या नखात काळे तेल नाही तो माणूस त्यांच्या हिशेबी माणूसच नव्हे. आणि मी आमच्या गावी, रोहण्याला, काय करत होतो? टपालाने रेडिओ दुरुस्ती शिकत होतो. गावात रेडिओ एकच, तो आमच्या घरचा, आणि मी दुरुस्तीला घेईपर्यंत तो ठणठणीत वाजत होता; आता खरखरत बातम्या तेवढ्या देई.

"जवाईबापूले धंदा लागला का आणून सोडतो पोरीले," मामाजी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले. "परवाच्या मोटारीनं निघतो आमी."

रात्रीचे जेवण मला गेले नाही. इंदू ताट उचलताना हळूच म्हणाली, "काहीतरी करून दाखवा ना. नाईतर मी गेलीच समजा."

करून दाखवण्यासारखे माझ्याकडे एकच होते. मासे ऐकण्याचे यंत्र!

आर्वीच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या मोडक्या टेलिफोनचा बोलायचा भाग मी सायकलच्या ट्यूबमध्ये घातला होता आणि पंक्चरच्या सोल्युशनने सगळीकडून बंद केला होता. त्याला लांब वायर, वायरच्या दुसऱ्या टोकाला कानावर चढवायचा हेडफोन. ट्यूब पाण्यात सोडायची, मासा कुठे हालचाल करतो ते कानाने ऐकायचे आणि तिथेच जाळे टाकायचे. जगात असे यंत्र कुणी केले असेल असे मला तेव्हा वाटत नव्हते. (इंदूलाही वाटत नव्हते, पण तिचे कारण वेगळे होते.)

यंत्राला लागते बॅटरी. गावात तेव्हा वीज नव्हती. बाबांचा रेडिओ मोटारीत असते तसल्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, बॅटरीवर चाले. दुसऱ्या दिवशी बाबा दुपारचे आडवे झाल्यावर मी ती उचलली आणि मामाजींना म्हणालो, "मामाजी, नदीवर चला. एक मशीन दाखवतो."

'मशीन' म्हटल्याबरोबर मामाजी चपला शोधू लागले.

डोहावर सोमाजीचा डोंगा होता, अरुंद लाकडी होडी. सोमाजी पिढीजात मासे धरणारा. त्याने आधी बॅटरीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हे काऊन आणलं, भाऊ?"

"मासे ऐकाले."

"मासे बोलते?"

"हालते तं आवाज येतेच ना!"

"मले तं चाळीस सालात नाई आला," सोमाजी म्हणाला आणि डोंग्याच्या मागच्या टोकाला जाऊन बसला.

बॅटरी डावीकडे ठेवली तर डोंगा डावीकडे कलंडे. मधे ठेवली तर माझे पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. शेवटी मी ती डाव्या बाजूच्या फळीवर सुतळीने बांधली आणि तोल सांभाळायला उजव्या बाजूला मामाजींना बसवले. डोंगा सरळ झाला. सासऱ्याचा वजन म्हणून उपयोग करणारा पहिला जावई मीच असेन! सोमाजीने बांबूने डोंगा लोटला आणि कडेच्या लाकडाला डोके टेकून डोळे मिटले.

फाल्गुनातली दुपार. काठावरचा पळस पेटलेला, आणि त्याचे पाण्यातले रूप त्याहून जास्त. वारा नव्हता. मी डोंग्याच्या कडेला लागून ट्यूब पाण्यात सोडली, तारा जोडल्या, हेडफोन चढवला.

आणि खरेच सांगतो, ऐकू आले! लांब कुठेतरी कुणी बांगड्या उतरवून ठेवतेय तसे बारीक किणकिण. मग एक बुडबुडा, मग वाळू सरकल्यासारखे काहीतरी. वरून गप्प दिसणारी नदी आत स्वतःशी पुटपुटत होती. मी यंत्र विसरलो, परवाची मोटार विसरलो. पळसाच्या पाकळ्या डोंग्याजवळून वाहत होत्या, आणि त्यांच्याबरोबर आपणही वाहत चाललो आहोत हे माझ्या ध्यानातही आले नाही.

"मले द्या," मामाजी म्हणाले. त्यांनी हेडफोन चढवला. जन्मभर इंजिनाची धडधड ऐकलेला माणूस. हळूहळू त्यांच्या कपाळाच्या आठ्या गेल्या, डोळे मिटले. हेडफोन त्यांनी दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. मग पुटपुटले, "माय गाणं म्हणे दळता दळता... तसं लागून राह्यलं."

इंदू राहिली, मी मनात म्हणालो. जिंकलो!

तेवढ्यात मामाजींचे डोळे खाडकन उघडले.

"जवाईबापू! आला! लय मोठा हाये!"

मी एक कान लावून पाहिला. घर्रर्र... फूऽऽ! घर्रर्र... फूऽऽ! एवढा श्वास घेणारा मासा म्हणजे कमीत कमी म्हशीएवढा! मी बांबू घेतला आणि डोंगा उजवीकडे वळवला.

"कमी झाला?"

"नाई! तेवढाच हाये!"

डावीकडे वळवला. तेवढाच. वीस हात पुढे नेला. तेवढाच!

"आपल्यासंगं येऊन राह्यला!" मामाजी म्हणाले. "बरोबर बुडाखाली हाये! जाळं टाका!"

जाळे सोमाजीच्या पायाशी होते. ते घ्यायला मी वाकलो आणि माझा गुडघा सोमाजीच्या पोटात बसला. तो दचकून उठला.

"गेला!" मामाजी ओरडले. "मासा गेला! एकदम चुप!"

"कोन गेला?" सोमाजी डोळे चोळत म्हणाला.

मामाजींनी सोमाजीकडे पाहिले. मग त्याने डोके टेकले होते त्या लाकडाकडे. मग त्या लाकडाला चिकटून पाण्यात गेलेल्या माझ्या वायरीकडे. शेवटी ते मिस्त्रीच.

"सोमाजी," ते शांतपणे म्हणाले, "जरा पुन्हा झोपजो बरं."

सोमाजी आज्ञाधारक माणूस. टेकला की झोपला.

"आला," मामाजी म्हणाले, "मासा वापस आला." आणि हेडफोन काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

मला पाण्यात उडी मारावीशी वाटली. घाईघाईने तारा सोडवायला मी उठलो, पाय जाळ्यात अडकून खाली आपटलो, सुतळी तुटली आणि बॅटरी आडवी झाली. सगळे तेजाब डोंग्याच्या बुडात! मी आणि मामाजी त्यातच बसलेले. आम्ही ओंजळीओंजळीने नदीचे पाणी अंगावर ओतले. थोडी चुणचुण झाली, मग थांबली. "वाचलो!" आम्ही दोघेही म्हणालो.

तोवर वाहत वाहत डोंगा खालच्या घाटाला लागला होता. घाटावर आठ-दहा बाया धुणे धूत होत्या. मासे न्यायला इंदू टोपले घेऊन तिथेच थांबली होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा उजळला. जावई-सासरे एकाच डोंग्यातून, खांद्याला खांदा लावून!

"किती भेटले?" तिने विचारले.

उत्तर द्यायला आम्ही दोघे उभे राहिलो. धोतरे उभी राहिली नाहीत.

म्हणजे पुढच्या बाजूला होती. मागची बाजू तेजाबाने खाल्ली होती, ती डोंग्यातच राहिली! बायांनी एकदम नदीकडे पाठ केली. त्यांच्या पाठी हलत होत्या. मी आणि मामाजी मटकन खाली बसलो. सोमाजीने जाळे उचलून आम्हा दोघांवर मिळून टाकले. त्या दिवशी जाळ्यात सापडले ते एवढेच.

इंदूने घाटावरून दोन लुगडी मागून आणली. हिरव्या लुगड्यात मामाजी, लाल लुगड्यात मी, अशी आमची स्वारी गावात शिरली. मामाजी वाटभर लुगडे सावरत पुढे चालत राहिले. ओसरीवर पाऊल ठेवल्यावर मात्र खांबाला धरून ते हसत सुटले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. (आतून बाबांचा आवाज आला, "बातम्या काऊन नाई लागून राह्यल्या रे?" मी ऐकलेच नाही असे केले.)

"बाबा, मी सामान बांधू का?" इंदूने आपल्या वडिलांना घाबरत विचारले.

मामाजींनी लुगड्याच्या पदराने डोळे पुसले.

"नको, माय. तू इथंच राह्य. याले एकट्याले सोडनं गावाले धोक्याचं हाये."

इंदू राहिली. पुढच्या साऱ्या आयुष्यात ती चार दिवसांपेक्षा जास्त कधी माहेरी गेली नाही. केवढं प्रेम, म्हणून लोक आमचे कौतुक करतात. मी मान खाली घालून ते ऐकून घेतो. तो बंदोबस्त आहे हे फक्त तिला आणि मला माहीत आहे!