काडेपेटीवरची चित्रं

काडी ओढल्यावरचा तो जळका वास आला की मला पोस्टाची खिडकी आठवते. आमचे हे रेल्वेत गार्ड होते. जातील त्या गावाहून काडेपेटी आणायचे, आणि मी ती वाडग्यात भिजवून वरचं चित्र अलगद सोडवायची. अशी पुष्कळ जमली, वह्यांत चिकटवली, पण वह्यांना कसर लागायला लागली. म्हटलं, दोन-दोन आहेत ती परदेशातल्या अशीच चित्रं जमवणाऱ्या एका हौशी बाईंना विकावी आणि त्या पैशांत चांगला अल्बम घ्यावा. आम्ही राहतो हिंदी मुलखात; भर उन्हात आमच्या नगरा मोहल्ल्यातून रिक्षा करून पोस्टात गेले. खिडकीतला बाबू पाकीट उलटंपालटं करत म्हणाला, "अम्माजी, बेच रही हैं तो एक्सपोर्ट हुआ. जीएसटी नंबर? फर्म का नाम?" मी म्हटलं, "भैया, कैसी फर्म? एक बुढ़िया और एक कटोरा पानी!" मागची रांग हसली, बाबू नाही. "नंबर के बिना नहीं जाएगा." आता मूठभर कागदांसाठी मी या वयात व्यापारी होऊ? तिथेच उभ्या उभ्या बाईंना फोनवर कळवलं, पैसे पाठवू नका, चित्रं तुम्हाला दिली. मग फॉर्मवरच्या 'विक्री'वर काट मारली आणि ठसठशीत 'भेट' लिहिलं. बाबू म्हणाला, "नुकसान तो आपका ही हुआ." म्हटलं, "हुआ, पर दुकान तो नहीं खुली!" अल्बम काही आला नाही. वह्यांत कडुलिंबाचा पाला घालून मी अजून कसरीशी झुंजते, आणि जास्तीची चित्रं मागेल त्याला फुकट पाठवते. मागा म्हणावं आता नंबर!