अर्ध्या तिकिटावर नदीच्या मागोमाग

ब्रह्मपुरीच्या बाजारगल्लीत चंदाबाई रामटेकेचं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन मशिनी, एक आरसा आणि पडदा लावलेला कोपरा. दिवाळीआधीचे वीस दिवस तिथे ब्लाऊजांचे ढीग लागतात. भाऊबीज झाली की मात्र एकाएकी सगळं थांबतं. तुळशीची लग्नं लागून लग्नसराईची कामं येईपर्यंत मशीनला कुणी पाय लावत नाही. त्या रिकाम्या दिवसांत चंदाबाई दारात स्टूल टाकून बसायची आणि तिच्या डोळ्यांसमोरून नदी वाहायला लागायची.

तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं. लहानपणी घाटावर कपडे धुताना ती आईला विचारायची, "माय, हे पाणी कुठी जाते?" माय म्हणायची, "खाली जाते." खाली म्हणजे कुठे, हे मायलाही ठाऊक नव्हतं. पुढे शाळेत गुरुजींनी नकाशावर बोट फिरवत दाखवलं, आणि बोट जिथे थांबलं तिथे सिरोंचा असं लिहिलेलं होतं. ते नाव तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. लग्न झालं, प्रफुल झाला, पंचवीस वर्षं गावोगावच्या पोरींना शिवण शिकवलं. सिरोंचा तेवढं राहून गेलं.

परवाच्या दिवाळीत प्रफुलचा पुण्याहून फोन आला. "आई, या वर्षी तुम्ही दोघं केरळला जा. विमानानं. पाच दिवसांचं पॅकेज आहे, मी पैसे भरतो."

चंदाबाईचे यजमान गुणवंतराव खुशीत आले. कॉलेजात शिपाई म्हणून सारा जन्म दुसऱ्यांच्या सहलींच्या पिशव्या त्यांनी गाडीत चढवल्या होत्या. आपणही एकदा हॉटेलातल्या पांढऱ्या चादरीवर पाय पसरावेत, अशी त्यांची फार इच्छा. चंदाबाईनं मात्र पॅकेजची किंमत विचारली.

"एवढ्या पैशात पाचच दिवस?" ती म्हणाली. "तुह्याजवळच ठेव ते. मले सिरोंच्याले जायचं आहे."

"सिरोंच्याला? तिथे काय आहे?"

"नदी आहे."

"नदी तर घरीच आहे ना, आई."

"घरी नुसती वाहून राह्यली. तिथी पोचते."

प्रफुल हसला. गुणवंतरावांना मात्र हसू आलं नाही. दोन दिवस ते बायकोशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी आपण होऊन आधार कार्ड शोधायला लागले, कारण पासष्टच्या वरच्या माणसाला एसटीत अर्धं तिकीट लागतं आणि त्यासाठी कार्ड दाखवावं लागतं. चंदाबाईला बाई म्हणून अर्धं. म्हणजे दोघांचं मिळून एकच तिकीट झालं. हे त्यांच्या ध्यानात आल्यावर त्यांची कळी जरा खुलली.

बाकीचा बेतही तिनं तसाच आखला. प्रवास दिवसाउजेडी करायचा. दिवाळीचा उरलेला चिवडा, तांदळाच्या भाकरी आणि लसणाची चटणी बरोबर घ्यायची. आणि मुक्काम करायचा तो तिनं शिकवलेल्या पोरींकडे. तिच्या हाताखाली शिवण शिकून सासरी गेलेल्या पोरी नदीच्या काठाकाठानं वसल्या होत्या.

"अन् त्याहिच्या घरी फुकट खायाचं?" गुणवंतरावांनी विचारलं.

"फुकट कोण खाऊन राह्यलं? मी कैची घेतली ना सोबत."

गडचिरोलीला बस बदलून ते चामोर्शीला पोचले. स्टँडवर उर्वशी घ्यायला आली होती. आता दोन लेकरांची आई, पण "बाई, बाई" करत शाळकरी पोरीसारखी बिलगली. तिच्या घरी खाटेवर तिची सासू बसलेली होती. म्हातारीचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला. हात वर जात नाही, म्हणून ब्लाऊज घालायला रोज सुनेला हाक मारावी लागायची, आणि त्या लाजेनं ती सकाळी उशिरापर्यंत पांघरुणातच राहायची.

चंदाबाईनं म्हातारीला नीट पाहून घेतलं. संध्याकाळी उर्वशीच्या मशीनवर बसली. बाही ऐसपैस कापली, बगलेखाली पट्टी घातली, समोरून अख्खा उघडणारा ब्लाऊज केला आणि हुकांच्या जागी मोठी बटनं लावली. सकाळी म्हातारीनं पडदा ओढून घेतला. बराच वेळ आतून काही आवाज येईना. मग ती बाहेर आली. पदर नीट घेतलेला, बटनं लागलेली, डोळे भरलेले. "हाक नाई मारली मी," ती सुनेला म्हणाली.

त्या दिवशी त्यांना कुणी जाऊ दिलं नाही. गुणवंतरावांना मासळीचा रस्सा मिळाला, दुपारी अंगणात बाजेवर झोप मिळाली. चादर पांढरी नव्हती, निळ्या फुलांची होती.

पुढचा मुक्काम आष्टीच्या पलीकडे, चपराळ्याजवळच्या गावात, दिव्यानीकडे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर वर्धा नदी येऊन वैनगंगेला मिळते. दिव्यानी त्यांना सकाळी तिकडे घेऊन गेली. पाण्यावर धुकं होतं, आणि धुक्यातून पलीकडचा काठ कधी दिसायचा, कधी विरघळून जायचा. दोन नद्या कुठून आल्या ते नीट कळत नव्हतं. मधे एक पांढरी वाळूची जीभ, तिच्यावर तीन बगळे, आणि पुढे सगळं एकच पाणी.

"इथून वैनगंगा नाई म्हणत, बाई," दिव्यानी म्हणाली. "इथून प्राणहिता."

चंदाबाईला ते एकदम लागलं. "काऊन? पाणी तं तेच आहे."

"सासरी आली ना," दिव्यानी सहज बोलून गेली. "नाव बदललं."

माहेरी चंदाबाईचं नाव चंचल होतं. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर सासऱ्यांनी चंदा असं लिहिलं आणि त्या संध्याकाळपासून चंचल म्हणणारं कुणी उरलं नाही. तिनं साडी वर खोचली, गुडघाभर पाण्यात गेली आणि उभी राहिली. पायाखालची वाळू हळूहळू सरकत होती. काठावरून गुणवंतराव ओरडले, "चंदा, समोर जाऊ नको!" मग थोड्या वेळानं, हळूच, जणू स्वतःशीच, "चंचल." चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते नाव घेतलं होतं. ती वळली नाही. पण तिनं ऐकलं.

आलापल्लीपासून सिरोंच्याची बस म्हणजे एक लांबलचक पेंग. रस्ता फुटलेला, बस डुलत डुलत चाललेली, दोन्ही बाजूंना सागाची मोठाली पानं धुळीनं माखून लोंबलेली. गावं यायची, दोन माणसं उतरायची, एक कोंबडी चढायची, पुन्हा जंगल. खिडकीतून ऊन आणि सावली अंगावरून सरकत राहायची. चंदाबाईला झोप लागायची, जाग यायची आणि दर वेळी वाटायचं, बस जागची हललीच नाही, झाडंच चालत मागे जात आहेत. मागच्या बाकावरची माणसं केव्हातरी मराठी सोडून तेलुगू बोलायला लागली होती.

सिरोंच्यात त्यांच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. "आता तरी लॉज," गुणवंतराव म्हणाले, आणि तिनंही मान हलवली. पण तुळशीची लग्नं नुकतीच लागली होती आणि गावात मोठं लग्न होतं, पाव्हण्यांनी खोल्या भरलेल्या. दोन ठिकाणी नकार मिळाल्यावर गुणवंतराव बॅगेवर बसले. दुपार कलत होती. तेवढ्यात चंदाबाईच्या कानावर मशीनचा आवाज आला. कुणीतरी फार घाईत, अडखळत शिवत होतं. दोरा तुटला, पुन्हा लागला, पुन्हा तुटला. ती आवाजाच्या दिशेनं निघाली.

एका ओट्यावर राजक्का नावाची शिंपीण लग्नघरच्या कपड्यांत बुडून बसली होती. उद्या सकाळी लग्न, आणि अजून सात ब्लाऊज बाकी. तिला मराठी यथातथाच येत होती, चंदाबाईला तेलुगू अजिबात नाही. चंदाबाई खाली वाकली, बॉबिनची पेटी काढली, आत अडकलेला दोऱ्याचा गुंता सुईनं उपसला आणि पेटी परत बसवली. मशीन सुरळीत चालू लागली. राजक्कानं वर पाहिलं.

"कूर्चो, अक्का," तिनं बाजूची चटई थोपटली.

चंदाबाई बसली. राजक्का शिवत गेली, चंदाबाई हुक लावत गेली, तुरपाई करत गेली. भाषा लागलीच नाही. एकीनं हात पुढे केला की दुसरी त्यात कैची ठेवायची. गुणवंतरावांना चहा मिळाला, मग पाठ टेकायला भिंत मिळाली. दिवेलागणीला सातवा ब्लाऊज घडी घालून ठेवला, तेव्हा राजक्कानं त्यांची बॅग उचलली आणि काही न विचारता घरात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती दोघं अनोळखी लग्नात पानावर बसून जेवली. नवरीच्या अंगावर चंदाबाईच्या तुरपाईचा ब्लाऊज होता. वाढणाऱ्यानं गुणवंतरावांना तेलुगूत काहीतरी विचारलं. त्यांनी न समजताच मान हलवली आणि त्यांच्या पानात दुसऱ्यांदा गोड पडलं.

तिसऱ्या दिवशी राजक्काचा भाऊ लालय्या त्यांना आपल्या डोंग्यातून नदीवर घेऊन गेला. गुणवंतराव पाण्याला भ्यायचे. दोन्ही हातांनी डोंग्याची कड घट्ट धरून बसले होते. चंदाबाईनं पैसे पुढे केले तर लालय्यानं फक्त हसून वल्हं मारलं. ऊन अजून कोवळं होतं. पाणी इतकं रुंद झालं होतं की काठ हा शब्दच दूर राहिला. मग लालय्यानं वल्हं उचललं आणि हनुवटीनं खूण केली. डावीकडून प्राणहिता आली होती, उजवीकडून गोदावरी. मधे एक पुसट रेघ, कापडावर खडूनं ओढून नंतर झटकल्यासारखी. डोंगा त्या रेघेवर संथपणे वळत होता.

चंदाबाईनं डावीकडे हात पाण्यात सोडला. बोटांमधून पाणी जात राहिलं. तिच्या मनात काहीच आलं नाही, आणि ते तिला फार बरं वाटलं.

बऱ्याच वेळानं गुणवंतरावांनी कडेवरचा एक हात सोडला. भीतभीत तोही उजवीकडच्या पाण्यात बुडवला.

"तिकडचं कसं आहे?" तिनं विचारलं.

"कोमट आहे."

"इकडचं थंडं आहे."

"हो?" ते म्हणाले. "थांब, पाहू दे मले." आणि डोंगा कलणार नाही अशा बेतानं, गुडघ्यांवर रांगत, ते तिच्या बाजूला यायला निघाले.