पिवळ्या दिवसांतली निळी टॅक्सी

पाइनची झाडं पराग सोडायला लागली की इग्नातिसच्या गावात महिनाभर सगळं पिवळं होई. खिडक्यांच्या चौकटी, कॉफीच्या दुकानाबाहेरची टेबलं, मांजरांच्या पाठीसुद्धा. लोक शिंकत, दारं लावून घेत आणि विसरून जात. इग्नातिसला ते जमत नसे. गावात टॅक्सी एकच, ती त्याची, आणि रंग तिचा गडद निळा.

अडतीस वसंत त्यानं त्या निळ्या रंगाची राखण केली. गाड्या तीन झाल्या, रंग तोच राहिला. मार्च लागायच्या आत मेणाचे दोन हात, आणि मग रोज उजाडताना बादल्या. आधी नुसतं पाणी, भरपूर, टपावरून खाली. मग साबण आणि लोकरीचा मोजा. फडकं अगदी शेवटी, कारण कोरड्या फडक्याखाली पराग पॉलिशपेपरसारखा घासतो. एका वर्षी त्यानं हौसेनं कापडी खोळ आणली. वारा सुटला, खोळ परागावर घासत राहिली, आणि सकाळी टपावर मांजरानं नखं काढल्यासारखे ओरखडे. ती खोळ पुढं कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली.

पण त्याला खरी धास्ती ओल्या परागाची. दव पडलं किंवा पावसाचे चार थेंब आले आणि वर ऊन तापलं, की पराग फुगतो, फुटतो आणि रंगात उतरतो. गोल डाग पडतो तो जन्माचा.

नटानं पडदा उघडण्याआधी चेहरा रंगवून उभं राहावं, तशी त्याची गाडी रोज सातला चौकात उभी असायची. "चाळीस वर्षांनी ऑस्ट्रेलियाहून परतलेला माणूस बंदरावर उतरतो," तो म्हणायचा, "त्याला न्यायला गावानं मळकी गाडी पाठवायची?" नवऱ्या मुली त्याच गाडीतून चर्चला गेल्या, आणि अडलेल्या बायका शहराच्या इस्पितळात.

आता तो अडुसष्ट वर्षांचा होता. उजव्या खांद्यातला स्नायू फाटला होता. हात कानाच्या वर जाईना. ईस्टरनंतर टॅक्सी मुलगी चालवणार होती. मिर्सिनी गाडी उत्तम हाकायची, त्याबद्दल प्रश्न नव्हता. पण तिच्या स्वतःच्या पांढऱ्या गाडीवर दरवर्षी इतका पराग साचे, की शाळेतली पोरं त्यावर बोटानं नावं लिहून जात. इग्नातिसचं सगळं घोडं तिथंच अडलं होतं. मिर्सिनीनं बादली हाती धरली तर तो निवांत बसू शकणार होता. नाहीतर मरेपर्यंत बादली सुटणार नव्हती.

तिच्यासाठी घेतलेली नवी टॅक्सी शुक्रवारच्या बोटीनं आली. शनिवारी सकाळी पाद्री प्रोकोपिस आशीर्वाद द्यायला येणार होते. त्याआधी ती धुवायची असं इग्नातिसनं ठरवलं होतं. पण रात्रभर खांदा ठणकला, पहाटे डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा पाद्री दारात उभे. नव्याकोऱ्या निळ्या बॉनेटवर पिवळ्याचा थर.

"पाद्रीबाबा, पाच मिनिटं थांबता का? पाणी मारून घेतो."

"पलीकडच्या गावात बारसं आहे रे. आणि देवाला काय, तुझ्यासारखी धूळ दिसते?"

पाद्री प्रोकोपिस पाण्याच्या बाबतीत कंजूष नव्हते. तुळशीची जुडी त्यांनी मंतरलेल्या पाण्याच्या वाडग्यात तीनदा बुडवली आणि तीनदा सढळ हातानं झटकली. टपावर, काचेवर, बॉनेटवर थेंबच थेंब. प्रत्येकाभोवती पराग गोळा झाला. ऊन समोरच्या घराच्या कौलांवर आलं होतं.

पाद्री गेले. इग्नातिसच्या बायकोनं, एवांथियानं, बदामाच्या वड्यांचं ताट फिरवलं. शेजारचा ख्रिसाफिस तोंडात वडी धरूनच म्हणाला, "मग? आता का थांबलास? इतर वेळी थेंब दिसला की बादली घेऊन धावतोस."

"त्याला भरीला घालू नकोस," एवांथिया म्हणाली. "इग्नाती, खबरदार. ते तीर्थ आहे. गटारात जायचं? उद्या सगळं गाव त्यावरून चपला घासत जाणार?"

ती म्हणत होती ते खरं होतं. आशीर्वादाचं उरलेलं पाणी झाडाच्या मुळाशी ओततात, रस्त्यावर कधी नाही. इग्नातिस बॉनेटजवळ उभा राहिला. धुवावं तर पाप, न धुवावं तर डाग. आयुष्यात इतका दमलेला तो कधी नव्हता. ऊन आरशापर्यंत पोचलं.

"बाबा, बस गाडीत," मिर्सिनी म्हणाली.

"कुठं?"

"आत्याच्या ऑलिव्हच्या बागेत. तिथं नळी आहे."

"हळू चालव. वाऱ्यानं थेंब सुकतील."

"हळूच चालवतेय. गाढवं पुढं जातायत आपल्या."

तिनं गाडी दोन झाडांच्या मधे घेतली, पाणी दोन्हीकडच्या मुळांना जाईल अशी. इग्नातिस दगडावर बसला आणि तिच्या खांद्यावरच्या फडक्याकडं बघत राहिला. आता हात तिकडं जाईल. गेला नाही. तिनं नळी टपावर धरली आणि वरून खाली पाणी सोडलं. तिची उभं राहायची बाजू चुकीची होती, मोजा डाव्या हातात होता. त्यानं ओठ मिटून घेतले. थोड्या वेळानं मात्र राहवेना.

"वायपरखाली साचतं."

"माहीत आहे, बाबा. तिथवर पोचले नाही अजून."

"तुझी पांढरी कधी धुतली नाहीस ती."

"ती माझी होती," मिर्सिनी मोजा पिळत म्हणाली. "ही लोकांची आहे."

लाल मातीवर पिवळं पाणी पसरलं आणि हळूहळू मुरलं. बॉनेटच्या कडेला एक फिकट गोल डाग मात्र उरला. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"एक राहिला. उशीर झाला आपल्याला."

"राहू दे," इग्नातिस म्हणाला. आपल्या तोंडून हे शब्द आले याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं, पण ते परत घ्यायला उठायची ताकद नव्हती.

परतताना वळणावरच्या पाइनमधून वारा आला आणि धुतलेल्या बॉनेटवर पुन्हा पिवळी भुकटी बसली. दोघांनीही ती पाहिली.

"उद्या किती वाजता उठायचं?" मिर्सिनीनं विचारलं.

"साडेपाचला." त्यानं डोळे मिटून डोकं मागं टेकलं. "मला उठवू नकोस."